आभाळाकडे वळवलेला आरसा

मित्रांनो, आरशासमोर उभं राहून तुम्ही केस विंचरता, दात बघता, वेडीवाकडी तोंडं करता. माझ्यासमोर तसं कुणी करत नाही. मी एका माल वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या दाराला बाहेरून लावलेला जुना आरसा आहे. पुढे बघणाऱ्याला मागचं दाखवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? पण मागचं बघायला फार थोड्यांना आवडतं, हे मला आता पुरतं कळून चुकलं आहे.

कारखान्यात काचेच्या मोठ्या तुकड्यातून मला कापलं, कडा घासल्या, पाठीवर चंदेरी मुलामा चढवला आणि काळ्या चौकटीत बसवलं. चौकटीला एक दांडी आणि दांडीला एक स्क्रू. त्या स्क्रूवर मला हवं तसं फिरवता येई. तो स्क्रू लक्षात ठेवा.

माझी गाडी कोंबडीची पिल्लं पोचवायची. आदल्याच दिवशी अंड्यातून बाहेर आलेली पिवळीधम्मक पिल्लं, भोकं पाडलेल्या खोक्यांतून. गाडी चालू असली की आत वारा खेळतो आणि पिल्लं खुशाल चिवचिवतात. गाडी उन्हात उभी राहिली की बिचारी माना टाकतात. म्हणून मालकांचा एकच नियम होता, वाटेत थांबायचं नाही. चहासाठी नाही, गप्पांसाठी नाही, कुणासाठीही नाही.

आमचा ड्रायव्हर सदा काहीतरी गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला गुणगुण्याच म्हणत. सुरुवातीला तो रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचा. ‘तू आहेस म्हणून मला पाठीला डोळे आहेत बघ,’ असं म्हणायचा. अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना तो माझ्यावर पूर्ण विसंबायचा आणि मी फुगून जायचो. पुढे दिवस पालटले. धूळ साचू लागली. एक चिमणी रोज येऊन माझ्यातल्या चिमणीशी कडाकडा भांडायची आणि जाताना घाण करून जायची. फडकं कुठे गेलं देव जाणे!

पण धुळीचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

आमच्याकडच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. रस्त्यात अपघात दिसला की खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि आरसा वर आभाळाकडे वळवायचा. ‘मागे बघितलं की पाय ब्रेकवर जातो,’ असं थोरल्या ड्रायव्हरने सगळ्यांना शिकवलं होतं. त्यालाही बोल लावता येत नाही. तो एकदा पडलेल्या माणसाला उचलायला थांबला होता. जमलेल्या लोकांना वाटलं, यानेच उडवलं. त्यांनी त्याला इतकं बडवलं की पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून तो म्हणायचा, ‘हात दाखवून अवलक्षण कशाला? आपण बरं, आपली गाडी बरी.’

गुणगुण्यानेही मला असंच वळवलं. एकदा नाही, बऱ्याचदा. पहिल्यांदा वळवलं ते एका छोट्या पुलापाशी. कठड्याला टेकून कुणीतरी बसलं होतं, मान छातीवर पडलेली. मला एवढंच दिसलं. मग गुणगुण्याचा हात आला, आणि पुढे मला फक्त आभाळ आणि विजेच्या तारा. त्या दिवसापासून पूल आला की गुणगुण्याची गुणगुण बंद व्हायची. तो माझ्याकडे बघायचा नाही आणि मीही त्याच्याकडे.

सारखं वळवून वळवून माझा स्क्रू झिजला. मी ढिला झालो. गाडी खड्ड्यात आपटली की खटकन खाली यायचो. ‘उद्या आवळतो,’ गुणगुण्या म्हणायचा. त्याचा उद्या काही उगवला नाही.

मग तो दिवस आला. भर दुपार होती. गाडीत वीस खोकी पिल्लं होती आणि गुणगुण्याशेजारी मावशी बसल्या होत्या. मावशी पिल्लांना लस टोचायच्या. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, हात मात्र असा हलका की पिल्लाला सुई कळायचीही नाही. मांडीवर लसीची पेटी घेऊन त्या पेंगत होत्या.

सरळ रस्त्याच्या कडेला खडी सांडली होती. त्या खडीत एक स्कूटर आडवी पडली होती आणि तिच्याजवळ एक माणूस. कागद वाऱ्यावर उडत होते. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपून घेणारा माणूस होता तो. आमच्या पुढची पांढरी मोटार क्षणभर हळू झाली आणि भुर्रकन निघून गेली.

गुणगुण बंद झाली. खिडकीतून हात बाहेर आला. मी आभाळाकडे वळलो.

‘अरे, माणूस पडलाय!’ मावशी दचकून जाग्या झाल्या. ‘थांबव गाडी.’

‘नको मावशी. पिल्लं मरतील. आणि लोक जमले तर आपल्याच गळ्यात पडेल.’

‘तो जिवंत आहे का, तेवढं तरी बघ!’

‘मला नाही बघायचं!’ तो ओरडला.

तेवढ्यात चाक खड्ड्यात आदळलं. झिजलेला स्क्रू घसरला आणि मी खटकन खाली आलो. माझ्यात सगळा रस्ता आला. स्कूटर आली, उडणारे कागद आले आणि त्या माणसाचा हात आला. हात वर उठला, हवेत जरासा हलला आणि पुन्हा पडला.

गुणगुण्याने ते पाहिलं. मावशींनीही वाकून पाहिलं.

‘आरशाला लाज आहे,’ त्या म्हणाल्या, ‘तुला नाही.’

ब्रेक कचकन लागला. गाडी मागे जाऊ लागली आणि मी जिवाच्या आकांताने रस्ता दाखवत राहिलो. चाक त्या माणसाच्या अंगावर जायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याच्या मांडीत काच घुसून मोठी जखम झाली होती. रक्त थांबत नव्हतं. मावशींनी पेटीतला टॉवेल काढला, घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. गुणगुण्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘पाऊण तास लागेल. तुमच्याकडे गाडी असेल तर दाबून धरून घेऊनच या.’

पाऊण तास! मागे खोकी ठासून भरलेली, माणूस ठेवायचा कुठे? त्याने भराभर दहा खोकी उतरवून झाडाच्या सावलीत ठेवली. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला येऊन थांबला. उतरताच त्याने थेट गुणगुण्याची कॉलरच धरली.

‘उडवलंस ना त्याला? पळतोस कुठे?’

थोरल्या ड्रायव्हरचे दोन दात मला आठवले.

मावशींनी जखमेवरचे हात तसूभरही हलवले नाहीत. तिथूनच त्या कडाडल्या, ‘भांडायचं तर नंतर भांड! आधी याला उचलायला हात लाव!’

आणि खाली पडलेला माणूस अगदी हळू आवाजात बोलला, ‘मीच... खडीवर... घसरलो.’

मोटरसायकलवाल्याने कॉलर सोडली. दोघांनी मिळून त्या माणसाला उचलून गाडीत निजवलं. मावशी हात न काढता त्याच्याबरोबरच आत चढल्या.

‘आणि तू इथे बस,’ त्या मोटरसायकलवाल्याला म्हणाल्या. ‘ही पिल्लं सांभाळ. सावली सरकली की खोकी सरकवायची.’

‘मी? कोंबड्या सांभाळू?’

‘मग काय मी सांभाळू?’

आम्ही निघालो. मावशींनी आतून पत्र्यावर टाच आपटली. ‘ऐक, मी अशी टाच वाजवत राहीन. वाजतेय तोवर तो शुद्धीवर आहे असं समज.’

ठक. ठक. ठक. मित्रांनो, एवढा भयंकर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि तो थांबू नये असंही इतकं कधी वाटलेलं नाही. गुणगुण्या घामाने निथळत होता. ‘वाजव मावशी, वाजव,’ असं पुटपुटत होता. बाजाराची गर्दी आली, हॉर्न वाजले, एक हातगाडी आडवी आली. ठक. ठक. दवाखान्याची पाटी दिसली आणि आवाज थांबला.

गुणगुण्याने वेग कमी केला नाही. फाटक अरुंद होतं. त्याच्या खांबावर मी खाडकन आदळलो आणि माझ्या अंगातून एक तडा आरपार गेला. दुखलं खूप. पण त्या वेळी माझ्याकडे कोण बघणार, आणि बघावं तरी का?

स्ट्रेचर आलं. दार उघडलं. मावशी अजूनही दाबून धरून होत्या. त्यांच्या पायात पेटके आले होते म्हणून टाच वाजत नव्हती! त्या माणसाचे डोळे अर्धवट उघडे होते. त्याला आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘वाचला. वेळेत आणलंत.’ गुणगुण्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

झाडाखालच्या खोक्यांपाशी परत आलो तर तो मोटरसायकलवाला अंगातला शर्ट काढून खोक्यांवर धरून उभा होता. आधी त्याने विचारलं, ‘आहे ना तो?’ मग पिल्लांचं सांगितलं. तरीही काही पिल्लं दगावली होतीच. मालक खूप रागावले आणि गुणगुण्याला महिनाभर लांबच्या, जास्त पैशांच्या फेरीवर पाठवलं नाही. चांगलं काम केलं म्हणून फुलं मिळतातच असं नाही, मित्रांनो. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी गुणगुण्या मला मेकॅनिककडे घेऊन गेला. मेकॅनिक म्हणाला, ‘तडा गेलाय. नवा टाकू?’

‘नको, हाच राहू दे. असा पक्का आवळ की मला फिरवताच येऊ नये.’

‘आणि उद्या दुसरा ड्रायव्हर आला तर?’

‘त्यालाही हेच दिसू दे.’

आता तो मला पुन्हा रोज पुसतो. माझ्या तड्यामुळे मागचा रस्ता दोन तुकड्यांत दिसतो, पण दिसतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात एखाद्या गाडीचं चाक येईल. तेव्हा रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर भीती वाटेल. वाटू द्या. गुणगुण्यालाही वाटली होती. फोन लावा, हाक मारा, जे जमेल ते करा, पण आरसा वळवू नका.

दवाखान्यातल्या माणसाचं काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं. तो आता काठी टेकत का होईना, घरोघरी मीटर बघत फिरतो. पण त्या छोट्या पुलापाशी कठड्याला टेकून कुणीतरी बसलं होतं, आठवतं? त्याचं काय झालं ते मला सांगता येत नाही. त्या वेळी मी आभाळ बघत होतो.