मुहूर्ताचा शेअर

ब्रॅकनेलच्या कंपनीने नारळ दिल्यावर उल्काने लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, शेअर बाजार मांडला. कंपनीने जाताना दिलेल्या रकमेतला एक हिस्सा तिने बाजूला काढला आणि नवऱ्याला, विनयला, सांगितलं, "वर्षभर बघते. नाही जमलं तर मिळेल तो जॉब घेईन." निम्म्या वयाच्या पोरांसमोर मुलाखतीला बसून मान डोलवायची तिची तयारी नव्हती. एक तरी गोष्ट तिला स्वतःच्या अकलेवर करून दाखवायची होती.

अक्कल आली, पण फी भरून. लंडनच्या बाजारात भाव पौंडात नाही, पेन्समध्ये, म्हणजे पौंडाच्या शंभराव्या भागात लिहितात हे बाईंच्या गावीही नव्हतं. आठशे पौंडांचे म्हणून घेतलेले दोन शेअर आठ पौंडांचे निघाले आणि दलालीतच त्यांचा निकाल लागला. मग एजवेअरच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतलेला शेअर गडगडला. तिने घाबरून विकला, तर दुसऱ्याच दिवशी तो वर. दोन्ही गोष्टी तिने घरी खऱ्याखुऱ्या सांगितल्या. विनयने त्या गणपतीत मंडळाच्या जेवणावळीत तिखटमीठ लावून सगळ्यांना ऐकवल्या. माणसं पोट धरधरून हसली. उल्काही हसली, पण त्या दिवसापासून तिने घरात तोटा सांगणं बंद केलं.

ती शिकत मात्र होती. शेअर घेतानाच किती पडला की विकायचा ते ठरवायचं, तसा स्टॉप लॉस लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दिवाळी आली. सासरे, पद्माकर, म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला एक शेअर घे. आमच्या गिरगावात घ्यायचे. मुहूर्ताचा घरात ठेवायचा, विकायचा नसतो." इथला बाजार साडेचारला बंद होतो, म्हणून पूजा भर दुपारी उरकली. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. पद्माकरांना मोतीबिंदूमुळे स्क्रीनवरचं दिसत नव्हतं, त्यांनी नुसते हात जोडले. उल्काने घर गरम ठेवणारे हीट पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले, नेहमीपेक्षा जास्तच. स्टॉप लॉस लावला आणि काढून टाकला. घरात आलेली लक्ष्मी मशीनने परस्पर विकून टाकायची, हे तिच्या मनाला काही पटेना.

नाताळच्या आधीच कंपनीचं एक मोठं कंत्राट गेलं आणि शेअर घसरायला लागला. सकाळी चहाला पद्माकर विचारायचे, "आपला मुहूर्ताचा काय म्हणतोय?" समोर विनय टोस्टला लोणी लावत बसलेला असायचा.

"मजेत आहे, बाबा. वर चाललाय."

एकदा तोंडातून गेलं ते रोजचंच झालं. आज वर येईल, उद्या येईल, मग आपोआपच खरं होईल, असं ती स्वतःला समजावत राहिली. रात्री तिला झोप लागेना. हा बोभाटा झाला तर आपल्याला या घरात कुणी कधी गंभीरपणे घेणार नाही, या भीतीने ती पोखरून निघाली होती.

फेब्रुवारीत एका प्रायव्हेट हॉस्पिटलचा फोन आला, तो उल्काने घेतला. पद्माकरांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं डिपॉझिट आलेलं नाही, तारीख ठेवायची का? सरकारी एनएचएसची फुकट ऑपरेशनची यादी लांबलचक, म्हणून म्हाताऱ्याने पेन्शनमधून एका डोळ्यापुरते पैसे साठवले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा, डिपॉझिट राहिलंय का?"

पद्माकर खुशीत हसले. "मुद्दामच थांबवलंय. ते पैसे कामाला लावलेत. जानेवारीत बँकेला फोन केला, तिथल्या मुलीने सगळं करून दिलं. तुझाच शेअर. तू वर चाललाय म्हणालीस, म्हटलं दोन्ही डोळ्यांचं एकदमच करू."

उल्का खुर्चीत बसली.

"बाबा, तो खाली आहे. नाताळच्या आधीपासून. मी खोटं बोलत होते."

"मी रोज विचारत होतो."

"हो."

पद्माकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग विकला का नाहीस?"

"मुहूर्ताचा ना. तुम्हीच म्हणाला होतात, विकायचा नसतो."

"अगं, ते गिरगावातलं. आमच्याकडे दहा शेअर असायचे, तेही हौसेचे." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं, तुला यातलं कळतं, म्हणून ठेवला आहेस."

बाजार अजून उघडा होता. तिने बँकेला फोन लावून पद्माकरांच्या हातात दिला, आधी त्यांचे शेअर विकायला लावले, मग आपले विकले. पद्माकर शेजारी बसून होते. न दिसणाऱ्या स्क्रीनकडेच बघत होते.

"संध्याकाळी विनयला मी सांगते," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "एका डोळ्याचे तरी निघतात का गं?"

उल्काने त्यांच्या शेअरचे किती आले ते कागदावर लिहिलं, आकडा दोनदा वाचला.

"नाही, बाबा."