आपोआप बुजलेले तडे

हे कुणालाही खरं वाटणार नाही, असं मी टेम्पोवाल्याला आधीच बजावलं होतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस भिंतींबद्दल खोटं कशाला बोलेल, हेही वर ऐकवलं. तो बिचारा आमच्या शेजारच्या शिवणवाल्या ताईंचं सामान न्यायला आलेला. त्यांच्या दारावर ‘धोकादायक, रविवारपर्यंत खाली करा’ असा पालिकेचा कागद डकवला होता. चांगलं दिसणारं घर धोकादायक कसं झालं, एवढंच त्याने विचारलं. ताई आत मशीन चादरीत गुंडाळत होत्या, इस्त्रीवाला पायरीवर बसला होता, आणि मला कुणी विचारलं की राहवत नाही.

गल्लीला लागून ते संकुल उठायच्या आधी नुसता फलक लागला होता. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं आणि गच्चीवर पोहायचा तलाव. चित्रात आमच्या गल्लीच्या जागी हिरवळ होती. आम्हाला वाटलं, चितारणाऱ्याचं जरा चुकलंय. इस्त्रीवाला तर खुशीत होता. ऑफिसं म्हणजे शर्ट, आणि शर्ट म्हणजे तो.

मग खड्डा खणला. मी सकाळी त्यात एक खडा टाकला आणि कामाला गेलो. दुपारी जेवायला आलो तेव्हा तो तळाला पोचल्याचा आवाज आला. पुढे लोखंडी खांब ठोकायला लागले, तेव्हा एकेका ठोक्याला भिंतीवरची घड्याळं पाच मिनिटं पुढे उडी मारायची. माझी खाट रोज चार बोटं दाराकडे सरकायची. एका मंगळवारी मी जागा झालो तो थेट रस्त्यात. ताईंचं मशीन तर पाय न लावता चालायचं. त्यांनी नुसतं कापड पुढे करायचं.

“यातलं अर्धं खरं आहे,” इस्त्रीवाला म्हणाला. कुठलं अर्धं, ते त्याने सांगितलं नाही.

घरं कलली, तडे गेले. ताईंची मागची भिंत खड्ड्याच्या बाजूची. तिच्या तड्यातून पलीकडचा मुकादम आत डोकं घालून वेळ विचारायचा आणि आमच्या घड्याळावर भरवसा ठेवून मजुरांना दुपारीच घरी सोडायचा.

अखेर आम्ही तक्रार केली. संकुल बांधणाऱ्या कंपनीने कळवलं की इंजिनीयर येऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढेल आणि जिथे तडे असतील ते घर पायापासून दुरुस्त करून मिळेल. पण त्याच आठवड्यात एक दलाल गल्लीत फिरून गेला. संकुल उभं राहिलं की तुमच्या घरांचं सोनं होईल, पण तडा गेलेल्या घराकडे कुणी ढुंकून बघणार नाही, असं घरोघरी सांगून गेला.

“आता नीट ऐक,” मी टेम्पोवाल्याला म्हटलं. “इंजिनीयर यायच्या आदल्या दुपारी भिंतींनी ते बोलणं मनावर घेतलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे तडे आपोआप बुजले. फोटो काढताना माणूस पोट आत ओढतो ना, तशा भिंती श्वास धरून उभ्या राहिल्या.”

इंजिनीयरने भिंतींवरून हात फिरवला, फोटो काढले आणि सगळ्या घरांपुढे ‘सुस्थितीत’ असं लिहून खाली घरमालकांच्या सह्या घेतल्या. असा गिलावा हल्ली बघायला मिळत नाही, असंही ताईंच्या घरात म्हणाला. माझी छाती उगाच फुगली.

तीन आठवड्यांनी भिंतींनी श्वास सोडला. आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने आम्हाला गार हवेत बसवलं, पाणी दिलं आणि फोटो दाखवले. खाली तारीख, ताईंची सही. घर तेव्हा चांगलं होतं, नंतर बिघडलं असेल तर ते तुमचं तुम्ही बघायचं, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं. वकिलाने तर फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मी ताईंच्या भिंतीला ओळंबा लावला. तीन बोटं बाहेर, आणि खालचा पायाच सुटलेला. तिथे माझी थापी काय करणार?

मशीन नव्या जागेत मावणार का, असं टेम्पोवाल्याने विचारलं. शहराच्या पार टोकाला भाड्याची एक खोली आहे, मशीन ठेवलं तर झोपायला जागा नाही, असं इस्त्रीवाल्याने सांगितलं.

“म्हणजे भिंतींनीच दगा दिला,” टेम्पोवाला म्हणाला.

“भिंतींनीच.”

ताई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. हातात चादरीची उरलेली दोरी होती.

“तडे आपोआप बुजले नव्हते, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बुजवलेत. घरोघरी जाऊन, फुकट. माझ्याकडे तर मीच स्टूल धरून उभी होते.”