करंगळीएवढी जाड तार

आमच्या लुआन्श्यात खाणवाले तांबं जमिनीतून काढतात आणि भुरटे चोर ते पुन्हा जमिनीतूनच उकरून नेतात. घरावर पडलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तारही सोडत नाहीत मेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या, कंपाम्बाताईच्या घराला अर्थिंग करताना मी अतिशहाणपणा केला, ॲल्युमिनियमची तार पुरली. चोर तिच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हते. तीस वर्षं खाणीत वायरमन होतो मी. ओल्या मातीत ॲल्युमिनियम सडतं हे काय मला ठाऊक नव्हतं?

गेल्या पावसाळ्यात ताईच्या घरावर वीज पडली. ताईचा नवरा चिसंगा नळावर हात धूत होता, तिथेच गेला. त्याचा थोरला भाऊ काबासो वस्तीभर सांगत सुटला की वीज ताईनेच पाठवली, तिने करणी केली. आता यंदाचा पाऊस यायच्या आत घर सोड, असं त्याने तिला बजावलंय. मी वर्षभर तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून माझे दिवस धुरातून चालल्यासारखे जातात. परवा दुकानात सात पदरी, करंगळीएवढी जाड तांब्याची तार हातात घेतली. उन्हाने ती कोमट झाली होती, झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातासारखी. समोर चिसंगा हात धुतोय असं दिसत राहिलं. त्याला हाक मारायची होती, पण आवाजच फुटेना. दुकानदाराने विचारलं, उभ्या उभ्या झोपलात की काय. मी टोक कापून बघितलं, आतपर्यंत लाल होतं, नुसता मुलामा नव्हता. घेतली.

ताईच्या अंगणात भेंडोळं सोडलं. ती मक्याचं पीठ चाळत होती.

"ताई, मागची तार ॲल्युमिनियमची होती. चूक माझी."

तिची चाळणी थांबली नाही. "माहीत आहे. चिसंगाला पुरल्यावर दुसऱ्याच दिवशी उकरून बघितली मी. हातात भुकटी आली."

"आणि वर्षभर करणीवाली म्हणवून घेतलंस? बोलली का नाहीस?"

"नवरा गेला होता. भाऊही घालवू का, वेड्या?"

मला रडू कोसळलं. तिने मला रडू दिलं, मग म्हणाली, आता खड्डा खण.

तार खोल पुरली, माती दाबली. मग तसाच मातीच्या हातांनी काबासोच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"काबासोदादा," मी म्हणालो, "वीज ताईने नाही पाठवली. चिसंगा माझ्यामुळे गेला."