पोटावरची लव

साबेरा हट्टी होती, आणि कोंबड्यांच्या बाबतीत तर तिला शिकवायला जाणारा मूर्खच ठरायचा. तिच्या नवऱ्यानं, बशीरनं, मिरजेत तीस वर्षं एकाच वाणाच्या असील कोंबड्या सांभाळल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात बशीर गेला आणि पाठोपाठ त्याचा लाडका कोंबडाही गेला. घर मोडून लेकीकडे मेढ्याला येताना साबेरानं एसटीत मांडीवर भुशानं भरलेला डबा घेतला होता. त्यात त्या कोंबड्याच्या वाणाची शेवटची अकरा अंडी होती.

लेकीच्या, तहरीमच्या, खुडूक कोंबडीनं त्यातली नऊ उबवली. आठवड्याच्या आत त्या कोंबडीला मुंगसानं नेलं. मग पिल्लं खोक्यात आणि वर पिवळा बल्ब. पाच तलंगा, चार नर.

"ह्यातला एक जरी आरवला ना, तर तुझा बाप घरात हाय असं वाटंल मला," साबेरा रोज म्हणायची.

तीन आठवडे झाले. पंखांची पिसं वाढून शेपटीपर्यंत आली, तशी साबेरानं बल्ब काढला. बशीर असाच काढायचा.

"अम्मा, नको काढूस," तहरीम म्हणाली. "नरांच्या पाठी बघ की, उघड्याच हायत. पोटावर नुसती लव हाय. हितं लय गारठा असतोय."

"तुझ्या जन्माच्या आधीपासनं पिल्लं वाढवतीया मी. ऊब जास्त झाली की नाजूक व्हत्यात."

बशीरचा हिशेब मिरजेच्या उन्हातला होता. मेढ्याच्या डोंगरात तो चालायचा नाही, एवढं साधं साबेराच्या डोक्यात शिरलं नाही.

सकाळी तिनं खोक्यावरचं पोतं उचललं. कोपऱ्यात सगळ्या पिल्लांचा ढीग पडला होता. वरच्या तलंगा थरथरत का होईना, उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठी पिसांनी भरल्या होत्या. उघड्या पाठीचे नर मात्र ऊब शोधत सगळ्यांच्या खाली शिरले होते आणि तिथंच दबून राहिले होते. एक, दोन, तीन, गार पडलेले. चौथ्यानं चोच उघडली.

साबेरानं त्याला झटकन चोळीत घातलं, वरून पदर गुंडाळला आणि चुलीपुढं बसली. "या अल्ला, एवढा एक ठेव," ती पुटपुटत होती. मधेच त्यालाच दटावायची, "ऊठ की रं मुडद्या, आरवायचं हाय तुला!" तिला कधी नव्हे ती भीती वाटत होती. तिनं त्याच्या चोचीत कोमट पाण्याचा थेंब सोडला. तो तसाच बाहेर ओघळला.

तहरीमनं बल्ब पुन्हा लावला. पाची तलंगा त्याच्याखाली जाऊन बसल्या.

"अम्मा, दे हिकडं आता."

"थांब. पाय हलवतोय."

पाय हलत नव्हता. साबेराचं बोट त्याच्या पंखाखालून पोटावर गेलं. तिथं एकही पीस नव्हतं, नुसती ओलसर लव बोटाला लागली. ती कितीतरी वेळ तिथंच बोट फिरवत राहिली.

"तुझा बाप आज गेला गं तहरीम," ती म्हणाली. "मीच घालवला."