गायब झालेले कोवाल्स्की

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात नीलांबरीच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बुटांचा ढीग अर्ध्या जिन्यापर्यंत आला होता. सोफ्यावर वास्तुमहाराज बसले होते आणि मोटारींचे ब्रेक डिझाइन करणारी माणसं रांगेनं त्यांच्या पाया पडत होती. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती : महाराजांनी कोवाल्स्कींना गायब केलं.

झालं होतं असं. पक्षाच्या जिल्हा अधिवेशनाला प्रत्येक मतदान विभागातून एक प्रतिनिधी निवडून जायचा. नीलांबरीच्या विभागातून वर्षानुवर्षं कोवाल्स्की नावाचे गृहस्थ जात. २००२च्या उन्हाळ्यात नीलांबरी उभी राहिली आणि धास्तावून तिनं महाराजांना बोलावलं. त्यांनी होकायंत्र काढून तिची प्रचाराची पाटी अंगणात ईशान्येला रोवली, मागच्या रस्त्याच्या कडेनं कुंकवाची रेघ ओढली आणि सांगितलं, "शत्रू या रेषेच्या पलीकडेच राहील." मतपत्रिका आली, तर तिच्यावर कोवाल्स्कींचं नावच नाही. नीलांबरी बिनविरोध निवडून आली.

"नाव डायरेक्ट डिलीट. काय पॉवर आहे यार," कोणीतरी म्हणालं.

त्या मागच्या रस्त्यापलीकडे राहणारा प्रसाद मात्र त्याच्या विभागात पडला होता. महाराजांकडून तेच सगळं त्यानंही करून घेतलं होतं.

"तुमच्या भक्तीत खोट होती," महाराज त्याला म्हणाले. प्रसादनं मान डोलावली.

मग महाराज नीलांबरीकडे वळले. "अधिवेशनात तुझं मत संग्रामला. राज्याच्या अधिवेशनाला तोच जायला हवा."

संग्राम बिल्डर होता आणि महाराजांशेजारीच बसला होता.

"पण महाराज, मी मिसेस हॅरिसना सपोर्ट करायचं ठरवलंय. शाळांसाठी त्या किती झटतात."

"ज्यानं शत्रू हलवला, त्याचा शब्द मोडलास तर शत्रू परत येईल."

नीलांबरीचा चेहरा उतरला. "बरं, महाराज," ती हळूच म्हणाली.

वॉटर हीटरजवळच्या खुर्चीत त्र्यंबककाका बसले होते. मुलाकडे राहायला आलेला हा माणूस दिवसभर लायब्ररीत वाचत बसायचा आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मागची खुर्ची धरायचा. आपलंच काही चुकत असेल, असं त्यांनी मनाला पुन्हा एकदा सांगून पाहिलं. पण नीलांबरीचा तो 'बरं' त्यांना ऐकवला नाही.

"प्रसाद," ते खाकरले, "तू कोणाकडून हरलास रे?"

"कोवाल्स्कींकडून, काका."

"म्हणजे ते घर सोडून गेले?"

"छे, आहेत तिथेच. आमच्या शेजारी. सकाळीच लॉन कापत होते."

सगळ्यांच्या माना प्रसादकडे वळल्या.

"माझी चूक असेल तर सांगा," काका म्हणाले. "दर दहा वर्षांनी शिरगणती होते, मग मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखतात आणि विभागही बदलतात. आधी रस्त्याच्या दोन्हीकडची घरं एकाच विभागात होती. आता हद्द त्या मागच्या रस्त्यावरून जाते. कोवाल्स्की हलले नाहीत, रेघ हलली. नवा नकाशा वसंतापासून लायब्ररीच्या भिंतीवर आहे."

"मी लायब्ररीत जात नाही," महाराज हसून म्हणाले. "मला दिशा सांगतात."

"मग त्या नकाशासमोर संग्रामबरोबर तुमच्यासारखेच कोणी उभे असतील. मी जवळच वाचत होतो. त्याच रस्त्यावर त्यांचं बोट फिरत होतं."

संग्राम कारपेट न्याहाळू लागला.

"पण माझं मत त्यांना कशाला हवंय, काका?" नीलांबरीनं विचारलं.

"हद्द बदलली तसं अधिवेशनही बदललं, पोरी. जुने ओळखीचे गट फुटले, नवीन लोक एकत्र येणार. कोणाकडेच ठरलेली मतं नाहीत. अशा ठिकाणी एका मतानंही निकाल फिरू शकतो."

"मग मी मत कोणाला देऊ?"

काका गोंधळले. "ते मी सांगितलं, तर यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला?"

घर घेताना दाराची दिशा आपण होकायंत्रानं तपासतो. ते दार कोणत्या मतदारसंघात उघडतं, हे मात्र कोणी पाहत नाही. म्हणून असल्या महाराजांचं फावतं. हद्दी ग्रह आखत नाहीत, माणसं आखतात, आपापल्या सोयीनं आखतात. कोणी आखल्या, कोणासाठी आखल्या, हे विचारायला कोणत्याही मुहूर्ताची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी नीलांबरीनं दोघांनाही फोन करून शाळांबद्दल सारखेच प्रश्न विचारले. मिसेस हॅरिस बराच वेळ बोलल्या, दोन गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत असंही त्यांनी कबूल केलं. संग्राम म्हणाला, "महाराजांना विचारून सांगतो."

मग तिनं आपलं मत ठरवलं.