नीरा सिस्टरांचं कुलूप

इमर्जन्सीतली औषधं कपाटात कुलूपबंद आणि किल्ली आपल्या खिशात, हा नीरा सिस्टरांचा जुना खाक्या. वरचे वॉर्ड इंजेक्शनं उसनी नेत आणि परत करायचं नाव नको! स्टोअरकडे नवीन मागावीत, तर ती संध्याकाळशिवाय मिळत नसत. मग लपवून ठेवायचं नाही तर काय करायचं?

त्यात व्यवस्थापनाने उत्कर्षाला आणून बसवलं. ती मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली इंजिनीअर, इथे 'लीन' पद्धत शिकवायला आलेली. तिचं म्हणणं साधं होतं: वस्तू जिथे लागते तिथेच, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, कारण शोधण्यात जातो तो वेळ पेशंटचा. तिने उघडी ट्रॉली मांडली, खणाखणाला रंगीत पट्ट्या लावल्या. नटबोल्ट मोजणारी ही बाई आता मला शिकवणार, असं सिस्टरांच्या मनात आलं. तोंडदेखलं त्या हो म्हणाल्या.

थोडे दिवस सगळं नीट चाललं. मग एका सकाळी वरून कोणीतरी येऊन ट्रॉलीतली ॲड्रेनलिनची निम्मी इंजेक्शनं उचलून नेली. सिस्टरांचं डोकं फिरलं. उरलेली त्यांनी गुपचूप कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि तावातावाने मागच्या इमारतीत स्टोअरवाल्याशी भांडायला गेल्या.

तिकडे भांडण रंगात आलं आणि इकडे रिक्षातून एक माणूस आला. मधमाश्या डसलेल्या, चेहरा सुजलेला, श्वास अडकत चाललेला. डॉक्टर आशयनी ॲड्रेनलिन मागितलं. नवी नर्स अवनी ट्रॉलीकडे धावली, तर खण रिकामा. सिस्टर फोन उचलेनात. शेवटी तिला कपाटाच्या काचेआड ते दिसलं आणि तिने सलाइनच्या स्टँडने काच फोडली. माणूस वाचला, पण अगदी थोडक्यात.

सिस्टर परतल्या तेव्हा आयाबाई काचा गोळा करत होत्या. त्यांनीच झाला प्रकार सांगितला. आता उत्कर्षा सगळ्यांसमोर आपली शोभा करणार, असं सिस्टरांनी धरूनच ठेवलं. पण कोणी केलं, हे तिने विचारलंच नाही. कुलूप का लावावं लागलं, एवढंच विचारलं. औषध वरचे नेतात म्हणून. ते का नेतात? त्यांनाही वेळेवर मिळत नाही म्हणून. असं विचारत विचारत ती स्टोअरपर्यंत पोचली आणि दिवसातून दोनदा माल वाटायचं त्याच दुपारी ठरवून आली. सिस्टरांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांना जास्तच लाज वाटली.

संध्याकाळी पेशंटची बायको मोठ्या सिस्टरांना शोधत आली आणि पाया पडायला वाकली. "बेन, तमे मारा वरने बचाव्या." माझ्या नवऱ्याला तुम्ही वाचवलंत, असं ती गुजरातीत म्हणत होती.

सिस्टरांनी तिला वरच्या वर धरलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, तिला काय कळणार होतं! पण ते त्यांच्याने होईना.

"नाही बेन," त्या तिला समजेल अशा गुजरातीत म्हणाल्या, "औषध कुलपात होतं. कुलूप मी लावलं होतं."

बाईने त्यांच्या हातांतून स्वतःला सोडवून घेतलं. ती नवऱ्याच्या खाटेशी जाऊन बसली. थोड्या वेळाने सिस्टर सलाइन बघायला गेल्या, तेव्हा ती त्यांच्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिली आणि सलाइन बघायला तिने अवनीला हाक मारली.