दोन पेपरांमधलं मिलान

दिनकरकाकांना मिलानाचा, म्हणजे ताडून बघण्याचा, भारी शौक. सगळा जन्म सरकारी हिशेबखात्यात गेला, आता रिटायर झालेत, पण दोन कागद शेजारी शेजारी दिसले की यांचे हात शिवशिवायला लागतात. परीक्षा माझी आणि विक्कीची होती, उत्साह मात्र त्यांनाच जास्त.

एनडीएचे दोन पेपर एकाच दिवशी असतात. सकाळी गणित, दुपारी जनरल. मधल्या सुट्टीत माणसाने दोन घास खावेत आणि गप्प पडावं. आमच्या कोचिंगचे सर तर हात जोडून सांगायचे, मधे उत्तरं जुळवत बसू नका, दुसरा पेपर हातचा जातो. पण काकांना कोण सांगणार? सेंटर जवळच होतं म्हणून आम्ही फूलबागेत झाडाखाली चादर अंथरली. आईने पुरी-भाजीचा डबा उघडला. मी पहिली पुरी मोडते तोवर काका म्हणाले, "दोघांनीही आपापली प्रश्नपुस्तिका द्या इकडे. मिलान करून टाकू."

"काका, संध्याकाळी करू ना. अजून एक पेपर आहे."

"डर गई क्या?" विक्की म्हणाला. "माझा तर एकदम मस्त गेला."

विक्की म्हणजे विक्रमसिंह, काकांचा मुलगा. सतरा वर्षांचा, कोचिंगमध्ये पहिला आणि ते दिवसातून दहादा ऐकवणारा. तो अजून दोन-तीनदा बसू शकतो. मी एकोणीसची झाले, पुढच्या परीक्षेला माझं वय बसत नाही. ही माझी शेवटची खेप. मुलींसाठी एनडीए उघडलं तेव्हा मी नववीत होते, तेव्हापासून पहाटे उठून धावतेय. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतली माणसं, हे काका प्रत्येक लग्नात सांगत फिरतात. पण पुढची पिढी म्हणजे विक्की, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मी बसते म्हटल्यावर त्यांचं तोंड कडू झालं होतं, ते अजून कडूच आहे.

आम्ही दोघांनी उत्तरं पुस्तिकेतही गोल करून आणली होती. काकांनी दोन्ही पुस्तिकांची कव्हरं मागे दुमडली, चष्मा लावला आणि सुरू झाले. "एक. गरिमा बी, विक्रम डी. दोन. गरिमा ए, विक्रम सी."

"प्रश्न तरी वाचा," मी म्हटलं.

"प्रश्न वाचायला वेळ आहे का? अक्षरावर कळतं."

दर वेळी आमचं उत्तर वेगळं निघायचं आणि दर वेळी विक्की फिस्‌कन हसायचा. कुणाचं चूक, हे विचारायचीही गरज कुणाला वाटली नाही. पाच प्रश्न झाले, सहा झाले. हातातली पुरी मी परत डब्यात ठेवली.

काकांनी चष्मा काढला. "वहिनी, हिचं गणित गेलं. प्रत्येक पेपरात किमान मार्क लागतात, त्यामुळे आता दुसरा देऊन काही उपयोग नाही. उन्हात उगाच कशाला? तुम्ही दोघी शेअर टेम्पोने घरी जा. विक्रमला जरा शांत बसू द्या."

आई पाणी ओतत होती, ती थांबली. बाबा असते तर बरं झालं असतं, पण ते बाड्याच्या चौकातल्या बँकेत गार्ड आहेत आणि रविवारीही त्यांची ड्यूटी असते.

"अरे दीदी, सातवा तर इतका सोपा होता," विक्कीला अजून समाधान नव्हतं. "त्रिकोण का एरिया निकालना था बस."

"कुठला त्रिकोण?" मी म्हटलं. "माझ्या सातव्याला मॅट्रिक्स होतं."

"झोपली होतीस का?"

मी काकांच्या हातातून दोन्ही पुस्तिका ओढून घेतल्या आणि कव्हरं सरळ केली. माझ्या कव्हरवर ए, त्याच्या कव्हरवर सी. परीक्षेत चार सीरीजच्या पुस्तिका वाटतात. प्रश्न तेच असतात, क्रम वेगळा. काकांनी एवढा वेळ पोळीचं मिलान भाताशी केलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मग दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"विक्की, उत्तरपत्रिकेवर सीरीजचा कोणता गोल भरलास?"

"ए."

"ही सी आहे."

"ए ही रहता है हमेशा," तो म्हणाला आणि मग त्याने कव्हर पाहिलं. कोचिंगच्या सराव पेपरांत एकच सीरीज असते. वर्षभर डोळे मिटून ए काळा करत आला होता, आजही तेच केलं. आता त्याचा सगळा पेपर दुसऱ्याच सीरीजच्या उत्तरांशी तपासला जाणार, नाहीतर बादच होणार. सूचनांमध्ये ते ठळक छापलेलं होतं. मला बरं वाटलं. वाटलं तर वाटलं, काय करू?

विक्कीने गुडघ्यांत डोकं घातलं. काका उठले, सेंटरवर जाऊन कुणाला तरी भेटतो म्हणाले, पण उत्तरपत्रिका सीलबंद झाल्या हे त्यांनाही ठाऊक होतं. दोन पावलं जाऊन परत आले ते माझ्यावरच.

"आत्ताच सांगायचं होतं तुला? त्याचा अजून एक पेपर आहे."

"मिलान मी काढलं का?"

"तोंड वर करून बोलू नकोस. भाऊ इथे रडतोय आणि तू जाऊन पेपर देणार? चला, सगळे घरी चला."

मगाशी माझं गणित गेलं म्हणून घरी, आता विक्कीचं गेलं म्हणूनही मीच घरी. माझ्या अंगाची आग झाली. मी काही बोलणार, तेवढ्यात आईने डब्याचं झाकण लावलं.

"भाऊजी, विक्कीला पुढच्या वेळी बसता येईल. हिला नाही. गरिमा, ऊठ, गेट बंद होईल."

एवढंच बोलली. आजवर ती त्यांच्यापुढे असं बोलली नव्हती.

मी चपला घालत होते तेव्हा विक्कीने मान वर केली. डोळे लाल झाले होते त्याचे. "तू तरी भरलास का गोल? पक्का याद है?"

"भरला."

"खा आईची शपथ."

आई समोरच उभी होती. मी शपथ घेतली नाही, निघाले.

गेटपर्यंत मी आठवत गेले. रोल नंबर भरलेला आठवत होता. सही आठवत होती. वर्गावरच्या सरांनी घड्याळाकडे बघत घाई केली होती, तेही आठवत होतं. सीरीजचा गोल काळा करणारा माझा हात काही केल्या दिसेना.

वर्गात दुसरी पुस्तिका मिळाली, बी. मी बीचा गोल काळा केला, मग बोट ठेवून तीनदा तपासला. विक्कीचं गणित गेलं हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. माझं गेलं की राहिलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि समोर दीडशे प्रश्न पडले होते. मी पहिला वाचायला घेतला.